चुन्याचा दवाखाना

नगररचनेच्या ऑफिसात काम पुढे सरकत नाही, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. पण एकच नकाशा पुन्हा पुन्हा वर जाऊन परत येतो, तेव्हा मधल्या काळात चहाच्या टपरीवर जे किस्से साचतात, त्यांची नोंद कुठलंच खातं ठेवत नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचं आवार नव्यानं आखायला घेतलं तेव्हा तर इतके साचले की दवाखाना राहिला बाजूला. आम्ही म्हणजे तिघं. वरिष्ठ रामटेके मॅडम, सर्व्हेअर सोनकुसरे आणि टेपचं दुसरं टोक धरणारा मी.

मॅडमचा सगळा जीव आराखड्यातल्या एकाच खोलीत होता. नातेवाइकांची खोली. लहानपणी वडील याच दवाखान्यात भरती असताना त्या आईबरोबर व्हरांड्यात चादर अंथरून झोपायच्या, आणि येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जायचा. "पेशंटले खाट भेटते," त्या म्हणायच्या, "त्याच्यासंग आलेल्या मानसानं कुठी जावाचं?" आणि प्रत्येक मीटिंगमध्ये पहिली काट याच खोलीवर बसायची. वरच्यांना तिथं पार्किंग हवं होतं.

*

लोकांच्या सूचना घ्यायच्या म्हणून सभा भरवली आणि भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला. ओपीडी निळ्या रंगात होती.

दिघोरीकडचे एक आजोबा बराच वेळ बघत राहिले. "एवढा मोठा तलाव दवाखान्यात काहून पायजे जी?"

मी तोंड उघडेपर्यंत मागून दुसरे उठले. "पायजे तर पायजे. पन मासेमारी कोनाले देनार, ते आधी सांगा."

आमचा जिल्हाच तलावांचा, निळं दिसलं की पाणी. पुढची सगळी सभा मासेमारीवर गेली. शेवटी एकमतानं सूचना आली ती एकच, की बायांसाठी तलावाला पायऱ्या असाव्यात.

मॅडमनी नकाशा गुंडाळला. "सोनकुसरे, चुना आना. नकाशा जमिनीवरच काढू."

*

जुन्या इमारतीमागच्या मैदानावर आम्ही अख्खा नवा दवाखाना खऱ्या मापात चुन्यानं आखला. सोनकुसरे विणकराच्या घरातला; दोरी सैल सुटलेली त्याला खपत नाही. प्रत्येक खोलीत नावाची पाटी खोचली, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनगंगेवरून धुकं आलं होतं आणि त्यात त्या पांढऱ्या रेघा जमिनीपासून थोड्या वर तरंगल्यासारख्या दिसत होत्या. मी बघत उभा होतो. एक माणूस सायकल हातात धरून आला, रेघेपाशी थांबला, वळसा घालून पार टोकाच्या दारापर्यंत गेला आणि तिथून आत शिरला.

"सरळ यायचं ना," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "भितीतून कसा येऊ साहेब?"

*

त्याच दुपारी एक काका डबा उघडून बसले होते. शेजारून बाई म्हणाली, "उठा जी तठून. तठी संडास आहे."

काका घाईनं उठले, डबा घेऊन पलीकडे गेले. "अठी?"

"अठी एक्स-रे."

काकांनी थोडा विचार केला. "एक्स-रे चालते," म्हणाले आणि भाताचा घास घेतला.

*

आंबागडचे एक म्हातारे भरती होते. थोडं बरं वाटलं की मैदानात यायचे आणि नव्या पुरुष वॉर्डात, स्वतः ठरवलेल्या खाटेच्या जागी मांडी घालून बसायचे. एकदा सोनकुसरेला म्हणाले, "बाबू, अठी झोप नाही येनार मले. गावी पडल्या पडल्या गड दिसते."

गड इथून कुठला दिसायला! पण सोनकुसरेनं वाद घातला नाही. उत्तरेकडच्या रेघेपाशी गेला, पायानं हातभर चुना पुसला आणि म्हणाला, "घ्या, खिडकी केली. आता?"

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "हं. आता हवा येऊन राहिली."

ती खिडकी आता आराखड्यात आहे. का आहे, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

*

नातेवाइकांची खोली कडुनिंबाखाली आली होती. पाटी खोचली त्याच संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन आत बसल्या. त्यांच्यात पवनीकडच्या शेवंताबाई. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यात बीपी वाढलेलं, म्हणून आधीच भरती केलं होतं. बाईंनी खोली झाडली, दारात सडा टाकला, रांगोळी काढली.

दोन दिवसांनी सोनकुसरे लाल होऊन आला. "माप चुकून राहिलं. माझं माप चुकत नाही." टेप लावली, तर खोली खरंच मोठी भरली. शेवंताबाई पुढे आल्या.

"भाऊ, आनखी चार बाया आल्या. मावत नोहोत्या. म्हून भित सरकवली."

सोनकुसरे मॅडमकडे बघायला लागला. मॅडमनी पेन काढलं आणि नकाशातली भिंतही सरकवली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही. आधीच नको असलेली खोली आम्ही मोठी करून बसलो होतो.

*

शेवटी मंजुरी देणारे मोठे साहेब स्वतः आले. आवाज असा की आम्हाला गाडीच्या आतूनच ऐकू आला. आराखडा बॉनेटवर पसरला आणि त्यांचं बोट थेट त्या खोलीवर गेलं.

"हे काढा. इथे पार्किंग. मागच्या वेळीच सांगितलं होतं, आणि तुम्ही ती वाढवून ठेवलीत?"

मॅडम बोलायला लागल्या, पण साहेबांच्या आवाजापुढे त्यांचा आवाज पोचेना. "जागा दाखवा," साहेब ओरडले. "आजच काट मारतो." लाल पेन हातात घेऊनच ते तरातरा मैदानात निघाले. मागे मॅडम, त्यांच्या मागे आम्ही.

खोलीत त्या वेळी शेवंताबाई एकट्याच होत्या. लेकीपाशी रात्रभर जागल्या होत्या, पहाटे नात झाली होती, आणि आता पदर तोंडावर घेऊन त्या गाढ झोपल्या होत्या. वर आभाळ, चारी बाजूंना चुन्याची रेघ.

साहेब रेघेपाशी येऊन थांबले. मॅडमनी धीर करून पुन्हा सुरुवात केली, "सर, ही खोली का हवी, ते मी..."

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला मॅडम," ते कुजबुजले. "आत कुणीतरी झोपलंय."