भागुबाईंचे जास्तीचे टाके

तिसऱ्या मजल्यावरची संजना सासूला फाटकं नेसवते आणि तिच्या नव्या साड्या कपाटात कुलूप लावून ठेवते, अशी एक बातमी आमच्या सोसायटीत होती. पंधरा ऑगस्टला ती जन्मली आणि गणपती बसायच्या आत पाथर्डी फाट्यावरून पार दिंडोरीपर्यंत जाऊन पोचली. एवढ्या वेगाने तर आमच्याकडे टँकरसुद्धा येत नाही.

आता खरं काय ते सांगते. कपाट आहे. कुलूपही आहे. पण किल्ली खुद्द भागुबाईंच्या कमरेला आहे, आणि तिला हात लावायची संजनाचीच काय, मुलगा प्रफुल्लचीही छाती होत नाही. आत लग्नाबारशांच्या आहेरातल्या साड्या पडून आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. का मोडत नाही विचारलं तर भागुबाई म्हणतात, "आंगावरची अजून जित्ती हाय. ती आसताना दुसरी कशाला?" मध्येच येऊन ऐकणाऱ्याला वाटावं, सवतीबद्दल चाललंय.

भागुबाई मूळच्या सिन्नरकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा यजमान सावळीराम सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचे. ठिणग्यांनी त्यांच्या खाकी शर्टाची चाळण व्हायची. भागुबाई रोज संध्याकाळी एकेक भोक बुजवत बसायच्या. शेवटी त्या शर्टात कापड कमी आणि भागुबाई जास्त झाल्या होत्या. सावळीराम जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची खाकी अजून नोकरीवर आहे. आमच्या दूधवाल्याच्या पिशवीचं बूड खाकी आहे. वॉचमनच्या स्वेटरचं कोपर खाकी आहे. माझ्या छत्रीलाही एक खाकी ठिगळ आहे, त्यामुळे ती हरवली तर सगळ्या नाशकात मला ओळखता येईल.

भागुबाईंच्या घरातून कपडा सहजासहजी सुटत नाही. शर्टाची कॉलर झिजली की त्या ती उसवून, उलटून परत शिवतात. ती दुसरी बाजूही गेली की बाह्या कापून उन्हाळ्यात घरात घालायला. मग उशीचा अभ्रा, मग ओट्याचं फडकं, मग फरशीचं पोतेरं. बटणं आधीच काढून श्रीखंडाच्या डब्यात. प्रफुल्ल एकदा मला म्हणाला, "काकू, माझा दहावीतला शर्ट अजून घरात आहे. मी रोज त्याच्यावर पाय पुसतो."

मी चेष्टा करते खरी, पण त्यांचं काम बघत बसावं असं असतं. माझी गॅलरी त्यांच्या गॅलरीला चिकटून, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. दुपारी त्या पाय पसरून बसतात, कपडा उजेडात धरतात, आणि भोकाकडे असं बघतात की भोकालाच लाज वाटावी. घाई नाही. पहिला टाका भोकाच्या बऱ्याच लांब, चांगल्या कापडात. मी विचारलं होतं, एवढ्या लांबून कशाला? तर म्हणाल्या, "फाटलेल्याला धराया कायतरी धड पायजे ना, पूजाची आई."

पण हल्ली त्यांना सुईचं नेढं दिसत नाही. इथे संजना येते. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. सकाळी तिची कसली धावपळ! पोळ्या, डबे, अंघोळ, स्कूटर. त्या सगळ्यात घराबाहेर पडायच्या आधी ती गॅलरीत येते, भराभर सुया ओवते, आणि एका जुन्या उशीत ओळीने टोचून ठेवते. पांढरा दोरा, काळा, खाकी, निळा. सासूला दुपारी कुणाची वाट बघत बसायला नको. ओठात दोरा, केसाला टॉवेल, आणि एकीकडे माझ्याशी बोलणं, "काकू, आज पाणी किती वाजता जाणार आहे?"

तर अशा सुनेवर बालंट आलं, तेही वाऱ्यामुळे.

साडी जिथे विरते तेवढा भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे जोडायचे, आणि तो जोड निऱ्यांच्या आत लपेल अशी साडी नेसायची. आमच्या सासवा याला दंड घालणं म्हणायच्या. भागुबाई शेवग्याच्या शेंगेसारख्या, त्यांना थोडी आखूड साडीही पुरते. झेंडावंदनाला त्या अशीच जोडाची साडी नेसून आल्या. झेंडा वर गेला, वारा सुटला, झेंडा फडकला आणि भागुबाईंच्या निऱ्याही फडकल्या. सगळे वर बघत होते. एकट्या साळूबाई खाली बघत होत्या.

साळूबाई पहिल्या मजल्यावरच्या. माणूस वाईट नाही. आजारपणात पहिला डबा त्यांचाच येतो. पण कानावर पडलेलं तोंडात ठरत नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्या थांबल्या, हे देशप्रेमच म्हणायचं. मग म्हणाल्या, "बघितलं का? सून स्कूटरवर हिंडते अन् सासूच्या अंगावर जोडाचं लुगडं!"

साळूबाईंची चुलतबहीण दिंडोरीत. संजनाचं माहेर दिंडोरीत. पुढचं सांगायला नको.

एका संध्याकाळी संजना गॅलरीत फोनवर बोलत होती. मी कपडे काढत होते. म्हणजे वाळलेले होतेच, पण सावकाश काढत होते. ती म्हणत होती, "अगं आई, तूसुद्धा? तुला वाटतं मी असं करीन?" फोन ठेवून ती तिथेच खाली बसली. भागुबाई बाहेर आल्या.

"काय झालं गं?"

"आई, माझ्या आईने विचारलं मला, सासूला नीट वागवतेस ना म्हणून. दादाचं तर तोंडच उतरलंय म्हणे. द्राक्षाच्या छाटणीला आलेल्या बायकासुद्धा विचारतात त्याला." तिने डोळे पुसले. "तुमचं शिवणं मला कधी खुपलं का? पण आता पुरे. माझ्यासाठी तरी नवी साडी नेसा. हा शिवणाचा डबा बंद करा."

भागुबाई वाद घालतील म्हणून मी दोरीवरच्या चिमट्याला धरून उभी राहिले. पण त्यांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या. श्रीखंडाचा डबा आणि सुयांची उशी प्रफुल्लकडून माळ्यावर टाकून घेतली, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून भागुबाई नव्या साडीत. कडक, करकरीत. चालल्या की आवाज यायचा. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या. दुपारी गॅलरीत यायच्या आणि रिकाम्या हातांकडे बघत राहायच्या. मी मुद्दाम एक उसवलेला परकर भिंतीवर ठेवला. त्यांनी तो बघितला, हात पुढे केला, आणि परत मागे घेतला. "सबूद दिलाय पोरीला."

आणि बातमीचं काय झालं? बातमी फुगली. साळूबाई जिन्यात म्हणाल्या, "बघा! चार लोक बोलले तेव्हा कुठे सुनेने कुलूप काढलं!" म्हणजे सासू जुन्यात दिसली तरी सून वाईट, नव्यात दिसली तरी सून वाईट. संजना येता-जाता खाली मान घालून जायला लागली. पूर्वी जिन्यात हाक मारून बोलणारी मुलगी आता लिफ्टचं दार लावून घ्यायची. आईचे फोनही बंद झाले, का घेणं बंद झालं, देव जाणे.

मग दसऱ्यानंतर साळूबाईंच्या नातवाचं बारसं आलं. हॉल घेतला होता, सगळ्या सोसायटीला बोलावणं. साळूबाईंनी पैठणी नेसली होती, वांगी रंगाची, आणि त्यावर त्याच रंगाचा नवाकोरा ब्लाउज. शिंप्याने इतका घट्ट शिवला होता की त्यांना श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता. पाळणा म्हणायचा मान त्यांचा. गळा खरोखर गोड आहे. पाळण्याला खेळणं बांधायला त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि माईकजवळ उभ्या होत्या म्हणून तो आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. काखेपासून कमरेपर्यंत शिवण गेली. आत माया म्हणून जास्तीचं कापडच ठेवलेलं नव्हतं.

त्यांनी पदर गुंडाळून घेतला आणि बाजूच्या खोलीत पळाल्या. "सुईदोरा कुणाकडे आहे का?" अशी कुजबुज हॉलभर फिरली, आणि सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या.

भागुबाईंनी संजनाकडे बघितलं. "मी डबा माळ्यावर टाकलाय बाई. तू म्हनशील तसं."

संजनाने बाजूच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ज्या बाईने आपलं नाव दिंडोरीपर्यंत नेलं, ती आत उघडी पडून बसली आहे. मी संजनाच्या जागी असते तर आधी शांतपणे पेढा खाल्ला असता. ती म्हणाली, "उठा आई. पाळण्याची वेळ होतेय."

खोलीत आम्ही चौघी. भागुबाईंनी पदराच्या आतल्या बाजूला टोचलेली सुई काढली. संजनाने डोळे मोठे केले. "डब्याचा सबूद दिला व्हता," भागुबाई म्हणाल्या, "सुईचा नाय."

दोरा मात्र नव्हता. भागुबाईंनी पैठणीच्या पदराच्या दशा हातात घेतल्या. साळूबाई किंचाळल्या, "अहो, पैठणी आहे ती!"

"म्हून तर. ह्योच रंग पायजे." त्यांनी दोन लांब धागे ओढून घेतले. "ब्लाउज काढता का?"

साडीला इतक्या पिना होत्या की सोडायची म्हणजे बारसं उद्यावर. "अंगावरच शिवा, भागुबाई."

"मंग काडी धरा."

अंगावरचा कपडा शिवायचा तर तोंडात काडी धरायची आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. मी केटररकडून टूथपिक आणली. भागुबाईंनी ती साळूबाईंच्या दातांत आडवी दिली. "पडली तर सगळं उसवून पयल्यापास्नं," म्हणाल्या. हा नियम मी जन्मात ऐकलेला नाही.

"संजना, सुई ओव."

संजनाने रेशीम ओठांत ओलं करून एका झटक्यात ओवलं. तिने पदर धरला, तोंड साळूबाईंच्या अगदी समोर. भागुबाई खाली बसल्या आणि शिवायला लागल्या. सावकाश.

"झेंड्याच्या दिशी माजा जोड तुमी बघितला, साळूबाई. नजर चांगली हाय तुमची. पन त्यो कोनी घातला ते इचारलं नाय."

"अं."

"हलू नका. मी घातला. मला आवडतं म्हून घातला. त्या कपाटाला कुलूपबी माजंच. अन् सुई कोनी ओवून दिली? हिनं. आता बघितलं ना, कशी ओवती? रोज ओवती. कामाला जायच्या आधी, समद्या रंगाच्या."

टूथपिक थरथरली. साळूबाईंनी नजर वळवायचा प्रयत्न केला, पण वळवणार कुठे? समोर संजना.

"तुमी जिन्यात बोलला ते बोलला. पन हिच्या आईनं हिला फोनवर इचारलं, सासूला नीट वागवती का म्हून. परक्यानं नाय, साळूबाई. आईनं."

बाहेर माईकवर कुणीतरी पुन्हा पुन्हा "पाळणा, पाळणा" करत होतं. "आई, पुरे आता," संजना हळूच म्हणाली.

"टाका मधी सोडत नसत्यात," म्हणून भागुबाईंनी आणखी थोडं शिवलं, गाठ मारली, दाताने रेशीम तोडलं. "हं. टाका काडी."

साळूबाईंनी काडी काढली. मी कान टवकारले. एवढा वेळ तुंबलेलं काय बाहेर येतंय! पण बाईने संजनाचा हात धरला आणि तिला तशीच ओढत हॉलमध्ये घेऊन गेली. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देताना एका बाजूला आत्या असते, दुसऱ्या बाजूला घरची मानाची बाई. साळूबाई माईकवर म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला संजना उभी राहील. भागुबाईंची सून." आणि मग पाळणा म्हणायला लागल्या. स्वराज हे नाव ठेवलं बाळाचं. संजनाच्या हातात तो अजिबात रडला नाही. संजना मात्र दोनदा नाक पुसायला थांबली.

जेवणाची पंगत उठायच्या आत नवी बातमी निघाली होती. साळूबाईंचं तोंड तेच, वेगही तोच. "अहो, सून सकाळी उठून सुया ओवून ठेवते सासूसाठी!" दिंडोरीला पोचेपर्यंत त्यात सासूचे पाय चेपणं आलं, रात्रीचं केशराचं दूध आलं. संजनाच्या आईचा फोन आला तेव्हा संजना हसत म्हणत होती, "नाही गं आई, सासूबाई दूध पीतच नाहीत!" त्याच संध्याकाळी ती स्वतः स्टुलावर चढली आणि माळ्यावरून डबा काढला. सकाळी उशीत पुन्हा रंगीत ओळ होती. भागुबाई जुन्या साडीत, पाय पसरून. माझा परकर अजून भिंतीवरच होता. तो त्यांनी ओढून घेतला.

चार दिवसांनी साळूबाई वर आल्या. ब्लाउज हातात, चेहरा त्रासलेला.

"भागुबाई, अहो काय हे! पट्टी घालून सैल करायला शिंप्याकडे दिला तर तो हात जोडायला लागला. म्हणतो, हे टाके माझ्याने उसवत नाहीत. फाटलं होतं केवढं, आणि एवढे टाके कशाला घातलेत?"

भागुबाईंनी सुईवरून नजरही उचलली नाही.

"तुमचं फाटलेलं लगीच शिवून झालं व्हतं, साळूबाई. बाकीचे टाके माज्या सुनेचे."