दोन अंगठे जास्त

आज दुपारी सुनेने मांजरपाटाचा तागा आणून दिवाणावर ठेवला. गाद्यांच्या खोळी विरल्या आहेत, नव्या शिवायच्या आहेत. मी नुसती बांधलेली दोरी सोडली आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास खोलीभर झाला, जरासा आंबूस, जरासा भाताच्या पेजेसारखा. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत या वेळी चिटपाखरू नसतं. हिवाळ्यातलं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर लोळत होतं, जेवणाच्या टेबलाशी नात दशांश अपूर्णांकांचे भागाकार करत बसली होती, आणि मी कापडाचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. वास माणसाला न विचारता कुठेही घेऊन जातो. मला त्याने गांधीबागेत नेलं, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, सातवीच्या वर्गात.

कापडबाजाराच्या ऐन मध्यात होती ती शाळा. खाली ठोक व्यापाऱ्यांची दुकानं, गठ्ठ्यांनी लादलेले ठेले, त्यांतून वाट काढणाऱ्या सायकली. वर आमचे वर्ग. दुपारच्या तासाला तिरपं ऊन आत यायचं आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत राहायचे, इतके सावकाश की बघता बघता माझंच वाक्य अर्धवट राहायचं. खालून दिवसभर कापड फाडल्याचा आवाज येई. आधी कात्रीचा एक लहानसा चावा, मग लांबच लांब फर्र. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की रविवारी घरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

मी गणित शिकवायचे, आणि गणितातही माझा जीव दशांशांच्या भागाकारावर होता. साध्या भागाकारात बाकी उरली की मुलं ती बाजूला लिहून मोकळी होतात. इथे तशी सुटका नाही. भाज्य संपलं तरी एक शून्य खाली उतरवता येतं, तेवढ्याने भागलं नाही तर आणखी एक. विहिरीत पोहरा सोडत राहावा तसं ते काम. कधी पाणी लागतं, कधी तळच लागत नाही आणि मुलं थकून तुमच्या तोंडाकडे बघतात. भाजकातलं दशांशचिन्ह सरकवताना तर सगळ्यांची त्रेधा उडायची. एकाचं सरकवलं की दुसऱ्याचं हटकून विसरायचं. मी फळ्यावर खडूचे बाण काढून दोन्ही चिन्हं बरोबरीने उजवीकडे चालवत न्यायचे, सप्तपदीला निघालेल्या जोडप्यासारखी. उत्तर निःशेष आलं की माझा दिवस चांगला जायचा. ‘बाकी शून्य’ या दोन शब्दांवर माझी तेव्हा फार श्रद्धा होती, आणि माझ्या स्वतःच्या हुशारीवर त्याहून जरा जास्त.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन घट्ट वेण्या, शाईने कायम निळं झालेलं बोट, आणि बोलणं इतकं कमी की हजेरीतला ‘हजर’ हा तिचा दिवसातला मोठा संवाद असावा. तिचे वडील शाळेसमोरच्याच दुकानात कापड मोजून फाडायचे. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन खाली उतरे आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यांच्याबरोबर जेवे. त्या वर्षी तिने एकच गोष्ट मागितली होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शाळेतून मोजक्याच मुलांचे अर्ज जायचे, निकाल देखणा दिसावा म्हणून, आणि निवड माझ्याकडे होती. एकदा तास संपल्यावर ती टेबलाजवळ येऊन घुटमळली आणि आपलंही नाव असेल का, असं तिने हळूच विचारलं. अर्जाला फोटो लागतो हे कुठून तरी कळल्यामुळे तिने तो आधीच काढून आणला होता. कंपासपेटीत, कोनमापकाखाली, जपून ठेवला होता.

शेवटच्या जागेसाठी दोघीजणी उरल्या. मी एक छोटी चाचणी घेतली. त्यातलं एक गणित मला आजही पाठ आहे. एका ताग्यात २४.५ मीटर कापड आहे, प्रत्येकी ३.५ मीटरचे किती तुकडे होतील? सोपं, निःशेष, माझ्या आवडीचं. उत्तर सात. हिने लिहिलं होतं, सहा तुकडे, बाकी ३.२०. कसंही करून हे उत्तर येत नव्हतं. सहाच तुकडे धरले तरी बाकी ३.५० उरते, ३.२० कुठून आली? मी तिची वही वर धरली आणि विचारलं, की काय गं, उरलेले तीस सेंटिमीटर कापड उंदराने नेलं का. वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. तीही थोडीशी हसली, आणि ते मला आज सर्वांत जास्त लागतं. अर्ज गेला तो दुसरीचा.

त्यानंतर आठवड्याभराने स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी कापड आणायला मी समोरच्या दुकानात उतरले. तिचे वडील मोजत होते. लोखंडी मीटरपट्टी पुन्हा पुन्हा पडत गेली, माप पूर्ण झालं, आणि मग त्यांनी खुणेच्या पुढे आपले दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवले. कात्रीचा चावा त्यांनी अंगठ्यांच्या पलीकडे घेतला. मी विचारलं, हे कशासाठी? त्यांनी मानही वर केली नाही.

‘‘कोरं कापड पाण्यात आटते, बाई. दोन अंगठे जास्त नाई सोडले तं धुतल्यावर मापात कसं भरन?’’

दोन अंगठे म्हणजे पाच सेंटिमीटर. साडेतीनचे झाले ३.५५. त्याचे सहा, २१.३०. साडेचोविसांतून गेले, उरले ३.२०. त्या दुकानात, ताग्यांच्या भिंतींमध्ये, माझे कान गरम झाले. पडद्याचं कापड किती घेतलं, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागितली आणि पहिल्यांदाच मागचं पान उघडलं. कच्चं काम तिथे करायचं, ही शिस्त मीच लावली होती. ते पान बघायची शिस्त मला कोणी लावली नव्हती. पेन्सिलीने सगळं मांडलेलं होतं. दोन्ही दशांशचिन्हं दोन-दोन घरं बरोबरीने सरकवलेली, २४५० ला ३५५ ने भाग लावलेला, बाकीत चिन्ह अचूक परतलेलं. आम्ही वर्गात दोन घरांपर्यंत अजून पोचलोच नव्हतो. मी भर वर्गात सांगितलं की चूक माझी होती. ती उभी राहून ऐकत होती. मग मी तिला विचारलं, अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, ‘‘तुमी इचारलंच नाई, बाई.’’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. अर्जांची मुदत टळून गेली होती. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन आले, पण हाती काही लागलं नाही. कंपासपेटीतला तो फोटो वर्षअखेरपर्यंत कोनमापकाखाली तसाच होता. पुढे ती शाळा सोडून गेली आणि शहराच्या गर्दीत कुठेतरी मिसळली. आज ती चाळिशीच्या आसपास असेल, तिचीही मुलं भागाकार करत असतील. मी मात्र त्यानंतर चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारण्याआधी मागचं पान उलटत गेले. बहुतेकदा तिथे निव्वळ गोंधळ निघाला. तरी उलटत गेले.

नातीने आत्ता वही पुढे केली. तिने एकाच बाजूचं दशांशचिन्ह सरकवलं होतं, ती जुनीच, भाबडी चूक. मी काही बोलायच्या आधी, कसं केलंस ते सांग, म्हटलं, आणि ती सांगू लागली. ऐकता ऐकता मी मांजरपाट मोजला, खुणेच्या पुढे दोन्ही अंगठे ठेवले आणि पलीकडे कात्री लावली. फर्रकन कापड फाटत गेलं, उन्हात तंतू उडाले. आटणाऱ्या कापडासाठी एवढी जागा सोडायला मी त्या खिडकीजवळच्या मुलीच्या बापाकडून शिकले. तिच्यासाठी मात्र मी तेवढीही सोडली नव्हती.