म्हणे समुद्राचा तळ सपाट असतो!

मंडळी, पनवेलच्या आमच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आटोपून थेट सायबर कॅफेत आलेय. डोकं अजून तापलेलं आहे.

मी भूगोल शिकवते. शिरढोणहून येणाऱ्या, नववीतल्या सुगंधाने शाडूमातीचा समुद्रतळ केला होता. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे डोंगररांग, एक दुसऱ्याखाली घुसतो तिथे खोल दरी आणि दरीला समांतर ज्वालामुखीची बेटं.

परीक्षक म्हणाले, "समुद्राखाली कुठले डोंगर? तळ सपाट असतो. मोडून टाक ते."

सुगंधा शांतपणे म्हणाली, "सपाट नाय, सर. बेटं काय पाण्यावर तरंगत नायत. ती तळापासनंच वर आलीत."

"उलट बोलतेस? माफी माग!"

मुख्याध्यापक मला खुणावू लागले, मिटवून टाका म्हणून. मी म्हटलं, "ती बरोबर आहे. माफी मागणार नाही."

झालं, मॉडेल स्पर्धेतून बाद. आम्ही दोघींनी ते उचलून माझ्या वर्गात नेऊन ठेवलं.

तिथे तिने विचारलं, "बाई, पुस्तकात हाय तेच केलं ना मी?"

तेच केलं होतं तिने. आता तुम्हीच सांगा, उद्या त्याच वर्गात मी कोणत्या तोंडाने म्हणू, "मुलांनो, पटलं नाही तर बिनधास्त विचारा"?