नाटकातला थोरला भाऊ
नातीच्या शाळेत परवा मिशी चिकटवायच्या गोंदाचा वास आला आणि मला आमच्या जत्रेतलं नाटक आठवलं. त्यात मी थोरला भाऊ झालो होतो आणि माझा सख्खा धाकटा भाऊ धाकटाच झाला होता. नाटक बसवणारे मास्तर म्हणाले होते, "ह्या गरीब गड्याला शेजारी उभा केला की तुमचा ताठा लय उठून दिसतोय." मला ते कौतुकच वाटलं. त्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीवरनं आमचं खरंच बिनसलं होतं. त्याचा ऊस वाळत होता आणि मी माझी पाण्याची पाळी सोडत नव्हतो. नाटकातही तसंच होतं. फोकसच्या उजेडात तो हात जोडून पाणी मागायला आला, मी गरजलो, "थेंबबी मिळायचा न्हाई!" पुढनं एक म्हातारी ओरडली, "अगं बया, ह्याला सोंग कशाला पायजे? घरीबी असाच बोलतोय की!" मांडव हसून लोळला. भावानं आता मान खाली घालून जायचं होतं, पण तो थांबला आणि हळूच म्हणाला, "दादा, सकाळपासनं जेवला न्हाईस तू. चल घरी." हे नाटकात नव्हतं. हसणं थांबलं. पडद्याआडनं मास्तर माझं वाक्य सांगत राहिले. भावाच्या शेजारी रंगवलेलं तोंड घेऊन मी कसा दिसतो ते गावानं पाहिलं, मीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या उसाला पाणी सोडलं. त्याच्या घरनं जेवायचा निरोप अजून दर सणाला येतो, आणि पोट रिकामं असलं तरी मी सांगून धाडतो, आत्ताच जेवलो म्हणून.