डिझेलचा वास आणि वास्तुशांत

आमची जुनी डिझेल गाडी चढ आला की आचके द्यायला लागली होती. मेकॅनिक म्हणाला, "फिल्टर चोंदलाय. सोमवारी आणा." रविवारी गारगोटीला धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मग मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस गाणं गुणगुणत फिल्टर बदलत होता. त्याला जमतं तर मला का नाही, असं मला वाटलं. असं मला नेहमीच वाटतं. घरातला मिक्सर त्यातच गेला.

रविवारी सकाळी नवा फिल्टर घेऊन बॉनेट उघडलं. कार्यक्रमाचा पांढरा शर्ट आधीच घातला होता, कारण काम चुटकीसरशी होणार होतं.

बायको दारात आली. "अहो, शर्ट तरी बदला की."

"त्यातनं काय सांडत न्हाय," मी म्हणालो.

पहिली नळी निघेना. बंपरला पाय लावून ओढली, तशी निघाली. डिझेल सांडलं नाही हे खरं, ते उडालं. शर्टावर, मिशीवर, चष्म्यावर. नळीच्या तोंडावर बोट दाबून मी ओरडलो, "कायतरी भांडं आण!" बायकोनं गडबडीत हाताला लागलं ते आणलं. ते दुधाचं पातेलं होतं.

फिल्टर बसला, नळ्या लावल्या, क्लिपा आवळल्या. ऐटीत चावी फिरवली. गाडी नुसतीच घरघरली.

समोरचे निवृत्त पोस्टमास्तर दात घासत सगळं बघत होते. ते म्हणाले, "बॅटरी उतरली असंल. धक्का मारूया."

बॅटरी नवी होती, हे मला ठाऊक होतं. पण दोष माझ्यावर येत नाही म्हटल्यावर मी लगेच तयार झालो. मी स्टिअरिंगला बसलो. मागून ब्रश तोंडात धरलेले पोस्टमास्तर आणि पदर खोचलेली बायको. उताराला गाडी गल्लीच्या टोकापर्यंत छान गेली आणि तिथं गप उभी राहिली.

बायको घाम पुसत खिडकीशी आली. "त्यो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलासा काय?"

"फिल्टर बसला तिथं बंद केला. पुढं काय असणार?"

तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि रस्त्यातच उभी राहून पुढचा भाग बघितला. नळीत शिरलेली हवा काढायची राहिली होती. डॉक्टर बीपी बघताना दाबतात तसला एक रबरी फुगा इंजिनाशेजारी होता. तो घट्ट होईपर्यंत दाबायचा. तिनंच दाबला. मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्या मी माझ्याच समजून मान लववली.

गारगोटीपर्यंत एकही आचका नाही. शर्ट बदलला होता, पण वास अंगातच मुरला होता. बहिणीच्या सासूबाईंनी पाया पडू दिलं आणि नाकाला पदर लावून विचारलं, "पावणं, पंपावर कामाला लागलासा काय?"

मग पंगतीत मी सगळी हकिगत रंगवून सांगितली. त्यात धक्का मारणारी माणसं नव्हती, आणि फुगा मीच दाबला होता. ऐकून बहीण कौतुकानं म्हणाली, "दादा, आमची पाण्याची मोटर सकाळपासनं बंद हाय. बघतोस काय जरा?"

मी बाह्या सरसावल्या. वाढायला आलेल्या बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं आणि पानात आणखी दोन पोळ्या टाकल्या.