बंड्याची कॅसेट

"गोळी देणार नाही," मी म्हटलं. "नऊ महिन्यांच्या पिल्लाला रोज झोपवूनच ठेवायचं, तर पाळलं कशाला?"

मेधा रडवेली झाली. तिचा नवरा शिरीष बंड्याचा पट्टा घट्ट धरून उभा होता. बंड्या मात्र टेबलावर बसून माझ्या स्टेथोस्कोपची नळी चावण्यात दंग होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या बसवनगुडीत माझा जनावरांचा दवाखाना होता. हे जोडपं पुण्याहून नुकतंच आलेलं, जवळच पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारं. तो बोम्मसंद्राच्या कारखान्यात, ती सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी आठला घराला लागलेलं कुलूप संध्याकाळी सातला उघडायचं. तेवढ्या वेळात बंड्याने चपला, उशा आणि सोफ्याचा एक हात फस्त केला होता. शिवाय दिवसभर रडणं.

"खाली घरमालकीण राहते, कमलम्मा," मेधा म्हणाली. "रोज जिन्यात गाठून कन्नडमध्ये काहीतरी बोलते. वर बोट दाखवून दाखवून. आम्ही सॉरी म्हणतो आणि पळतो. एक दिवस घर सोडा म्हणेल. मग बंड्याला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल."

"घरमालकीण म्हटल्यावर बोलणारच," मी म्हटलं.

आमचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. कन्नड मला मराठीइतकंच येतं. कमलम्माला एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. तो मी केला नाही.

त्याऐवजी उपाय सांगितले. सकाळी दमेपर्यंत फिरवा. निघताना नळीचं मोठं हाड द्या. जुन्या पोत्यात पोळीचे तुकडे गुंडाळून गाठी मारा, शोधत बसेल. "आणि घरात आवाज हवा," मी म्हटलं. "रिकामं घर कुत्र्यालाही खायला उठतं. मेधा, तुझाच आवाज भरून ठेव. टेपरेकॉर्डर ऑटो-रिव्हर्सचा आहे ना?" म्हणजे कॅसेटची एक बाजू संपली की तो आपोआप दुसरी लावतो.

आठवड्याने मेधाचा फोन आला. सोफा शाबूत होता, रडणंही कमी झालं होतं. मी इतकी खूश झाले की आणखी दोन जणांना हाच सल्ला ऐकवून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "डॉक्टर, तो हाडाला तोंड लावत नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही टेप लावून पाहिला, तर माझा आवाज आला की धावत बाल्कनीत जातो, गजांत डोकं घालून रस्त्याकडे बघतो. मी घरात असूनसुद्धा."

"टेपमध्ये काय बोललीस?"

"नेहमीचंच. बंड्या, शहाणा ना तू? थांब हं, आलेच मी."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पोरीचा आवाज त्याला अकरा तास 'आलेच मी' सांगत होता आणि येत कुणीच नव्हतं. पण आपला उपाय चुकला हे मान्य करायला मला जड गेलं. "होईल सवय," मी म्हटलं. "आवाज थोडा वाढव."

दोन दिवसांनी भर दुपारी दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. पांढऱ्या केसांची एक बाई उतरली. हातात जुन्या साडीत गुंडाळलेला बंड्या. ती कमलम्मा होती.

"गजांतून पडला, डॉक्टरम्मा. नोडी, बघा ना, डोळे उघडत नाही."

मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. म्हणजे रक्त आत कुठेतरी वाहतं आहे. सलाईन लावलं, मेधाच्या ऑफिसला फोन केला, पोट उघडायची तयारी सुरू केली. कमलम्मा त्याच्या कानामागे खाजवत बोलत राहिली. "स्वल्प थांब, राजा. स्वल्प थांब."

तो थांबला नाही. इंजेक्शन भरून वळले तेव्हा सगळं संपलं होतं.

मेधा धापा टाकत आली. कमलम्मा तिच्याकडे बघून भडाभडा बोलायला लागली.

"ती काय म्हणतेय?" मेधाने विचारलं. "आमच्यावर चिडलीय ना?"

मी भाषांतर केलं. "ती म्हणतेय, मी रोज सांगत होते, वर एकटाच रडतो, किल्ली देऊन जा. दिवसभर माझ्याकडे राहू दे. मुलगा मल्लेश्वरमला राहतो, मला तरी दुसरं कोण आहे? पण ही पोरगी सॉरी म्हणून पळून जायची."

मेधाने टेबलावरच्या बंड्याला छातीशी धरलं. हे सगळं तिला त्याच वेळी सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

जनावराला बोलता येत नाही, म्हणून आम्ही आधी हिस्टरी घेतो. हिस्टरी म्हणजे काय झालं, केव्हापासून, कोणी पाहिलं. बंड्याला दिवसभर ऐकणारं एकच माणूस होतं आणि मी त्यालाच विचारलं नाही. कन्नड येत असून. याची लाज मला आजही वाटते.

माझ्या केसपेपरवर तेव्हापासून एक ओळ जास्त आहे: दिवसा शेजारी कोण असतं? उत्तर मिळालं की औषध लिहिण्याआधी मी त्या माणसाशी बोलते.

त्या दिवशी निघताना कमलम्माने मला हळूच सांगितलं, "वर टेप चालूच आहे, डॉक्टरम्मा." मग मीच त्यांच्याबरोबर गेले. मेधाकडून किल्ली घेतली आणि तिला खाली कमलम्माजवळ बसवून एकटी वर गेले. दार उघडलं तेव्हा मेधाचा आवाज 'आलेच मी' म्हणत होता. मी टेप बंद केला.