बापूमास्तरांचं सॉरी

परवा आमच्या हिच्या नव्या लुगड्यावर मी शाईची दौत उपडी केली आणि 'सॉरी' म्हणून मोकळा झालो. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेखाली मला एकदम बापूमास्तर आठवले.

युद्धाच्या दिवसांत, रॉकेलला रांगा लागत तेव्हा, मी मिरजगावात नवा मास्तर म्हणून लागलो. बापूमास्तर इंग्रजी शिकवत. रोज एकच शब्द. स्पेलिंग आणि अर्थ फळ्यावर, मग दम : "संध्याकाळच्या आत वापरून या, साक्षीदारासकट! वापरला नाही तो शब्द तुमचा नाही, साहेबाचा." 'प्लीज'च्या दिवशी पोरं म्हशींनासुद्धा प्लीज म्हणत होती.

'सॉरी'च्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तुमी कुनाला म्हननार?"

मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

कारण गावाला ठाऊक होतं. पोळ्याला भर मिरवणुकीत मास्तरांनी गेनूअण्णांच्या लाडक्या सर्ज्या बैलाला 'थेरडा' म्हटलं होतं. तेव्हापासून अण्णा मास्तरांच्या ओट्यावर सोंगट्या खेळायला येईनात. मास्तर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत, आणि हरले की दिवसभर चिडलेले असत.

"चला, साक्षीदार व्हा," ते मला म्हणाले.

अण्णा गोठ्यात वैरण टाकत होते. मास्तर खाकरले. "सॉरी."

"काय म्हन्ला?"

"सॉरी. एस, ओ, डबल आर, वाय."

"आन् म्हंजी काय?"

मास्तरांनी अर्थ सांगितला. साहेबलोक तो शब्द कधी कधी वापरतात, तेही सांगितलं. आणखीही सांगितलं असतं.

"साहेबाचं ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "मराठीत म्हना की. आन् मला न्हाई, त्याला म्हना."

सर्ज्या रवंथ करत उभा. मास्तर त्याच्यासमोर गेले. त्यांनी टोपी काढली. "सर्ज्या... चुकलो रे बाबा."

सर्ज्यानं शांतपणे टोपी तोंडात धरली.

"झालं की!" अण्णा ओरडले. "चला, काढा सोंगट्या!"

वाटेत बोडक्या डोक्यावरून हात फिरवत मास्तर मला म्हणाले, "इंग्रजीत होतं तोवर किती सोपं होतं हो!"

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं. हिनं लुगड्याचा शाईनं निळा झालेला पदर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आता मराठीत म्हणा. आणि मला नको, याला म्हणा. माझ्या आईनं घेतलंय ते."